गुण चेंडूचा कीं वाटेचा?

गेलीं अनेक वर्षें मी विद्यार्थ्यांच्या दाखल्यांवर ‘वर्तणूक चांगली’ असें लिहून खालीं सही करीत आलों आहें. हें विधान करण्याचा मला अधिकार काय, हा प्रश्न मला प्रथम पडला तो नीतिशास्त्राचा ग्रंथ वाचतांना नव्हे, तर टेनपिन बोलिंग या अमेरिकेंत भरभराटीस आलेल्या खेळाविषयीं वाचतांना.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगतों. सुमारें साडेतीन फूट रुंदीच्या लेनवरून, ६० फूट अंतरावरील १० पिनांवर जास्तींत जास्त १६ पौंडांचा चेंडू सोडावयाचा. लेन सर्वत्र सारखीच गुळगुळीत दिसते. पण तिच्यावर तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, आणि तो खेळणाराच्या डोळ्यांस बहुधा दिसत नाहीं. तेल असेल तेथें चेंडू घसरतो. तें संपलें कीं त्याला पकड मिळते व तो वळतो. म्हणून जाणते लोक एकाच लेनवर चेंडूची परीक्षा करीत नाहींत. तोच चेंडू ते कमी तेलावर, अधिक तेलावर, आंखूड व लांब थरावर टाकून पाहतात. मनुष्याचा हात चंचल, म्हणून तेथील बोलिंग काँग्रेसनें चेंडू टाकणारें यंत्रहि करविलें.

नेहमींच्या गिऱ्हाइकांसाठीं लेनच्या मध्यभागीं तेल पुष्कळ व कडांना थोडें ठेवण्याची चाल आहे. चेंडू चुकून बाहेर गेला तर कोरडी कड त्याला आंत वळविते. आंत राहिला तर तेल त्याला भलतेंच वळूं देत नाहीं. वाटच खेळाडूच्या चुका पोटांत घालते, आणि त्याला वाटतें कीं आपला हात बसला! कठीण स्पर्धांत तेल अधिक समप्रमाणांत पसरलेलें असतें. तेथें त्याच खेळाडूचे गुण उतरतात.

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें ग्रंथालयाचें पुस्तक विकलें. त्याच्या दाखल्यावर मीं ‘चांगली’ हा शब्द लिहिला नाहीं. त्या महिन्यांत त्याच्या घरीं औषधालाहि पैसा नव्हता, हें मला मागाहून कळलें. माझा निर्णय चुकला असें मी अजूनहि म्हणत नाहीं; पुस्तक विकलें गेलें होतेंच. पण त्याच वर्षीं ज्या चाळीस जणांना मीं चांगलें म्हटलें, त्यांपैकीं कितींवर तशी पाळी आली होती, हें मीं विचारलें नव्हतें.

मग सर्व दोष परिस्थितीचा, आणि जबाबदारी कोणाचीच नाहीं काय? तसें नव्हे. एकाच तेलावर दोन चेंडू निरनिराळे धांवतात. गुण ही वस्तु खोटी नाहीं. कोणी म्हणेल, तेल पुसून टाका, म्हणजे खरा गुण दिसेल. विपत्ति हीच मनुष्याची कसोटी. पण कोरडी लेन हीहि एक लेनच आहे. विपत्तींत ताठ उभा राहिलेला मनुष्य संपत्तींत घसरलेला आपण पाहिलेला नाहीं काय? स्वभाव अनेक वाटांवरच्या चालीवरून ओळखावयाचा असतो, आणि दुसऱ्याच्या बहुतेक वाटा आपणांस दिसतच नाहींत.

शिवाय चेंडूची परीक्षा मुद्दाम घेतां येते. माणसाची घेतां येत नाहीं. पारख करण्यासाठीं जो दुसऱ्याच्या वाटेंत मोह पसरतो, त्याचीच परीक्षा आधीं होऊन जाते.

आणखी एक गोष्ट मला अधिक बोंचते. प्रत्येक चेंडू जातांना थोडें तेल उचलून नेतो. मागून येणाऱ्याला ती लेन पूर्वींसारखी मिळत नाहीं. मी स्वतःला कडेला उभा असलेला परीक्षक समजत होतों. परंतु माझ्या त्या दाखल्यानें एका मुलाची पुढची वाट बदलली होती. ती कोठें गेली, हें मला ठाऊक नाहीं.

हल्लीं मी ‘माझ्या पाहण्यांत आलेली वर्तणूक चांगली’ असें लिहितों. छापील नमुन्यांत एवढ्या शब्दांना जागा नाहीं, अशी कारकुनांची तक्रार असते. मी अक्षर बारीक काढतों.