काठियावाडची दुसरी इनिंग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी गॅलरीत बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होतो. (म्हणजे आडवे शब्द आले होते, उभे येत नव्हते.) इतक्यात दार धाडकन उघडलं आणि आमचे चिरंजीव चिखलाने माखून घरात प्रवेशले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या बुटांचे ठसे आले आणि ठशांमागोमाग स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला.

तो आवाज ओसरल्यावर मी विचारलं, "मॅच अकरापर्यंत होती ना रे?"

"होती. आम्ही हाफ-टाइमला आलो."

"का? पाऊस?"

"नाही. अकरा-शून्य."

हा फुटबॉलचा स्कोअर आहे की कुठल्या गावाचा एसटीडी कोड, हे कळायला मला क्षणभर लागलं. नदीपलीकडच्या सोसायटीने आमच्या पोरांवर पस्तीस मिनिटांत अकरा गोल चढवले होते. आमचा गोलकीपर म्हणजे 'बी' विंगमधल्या जोशांचा मुलगा. त्याला गोलमध्ये उभं करण्याचं कारण एवढंच, की त्याच्याकडे हातमोजे होते. तेही त्याच्या वडिलांच्या स्कूटरचे.

"मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं, पुरे झालं. घरी जायचं."

"आणि बॉल?"

"बॉल आपला होता. घेऊन आलो."

म्हणजे समोरच्यांना आपापसात खेळायचीही सोय ठेवली नव्हती!

संध्याकाळी प्रकरण कमिटीपुढे गेलं. आमचे चेअरमन खिलाडूवृत्तीवर वीस मिनिटं बोलले. हे गृहस्थ दर दिवाळीत बुद्धिबळात हरायला लागले की "चला, चहाचं बघू" म्हणत पट उचलतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते मिनिट्समध्ये येत नाही. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं उलट. "तेरा वर्षांची पोरं ती. आणखी अकरा गोल खाऊन काय मिळणार होतं? मार खायला थांबलंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?" दोन्ही बाजू ऐकून कमिटीने, कमिट्या घेतात तसा, निर्णय घेतला : मुलांना कुणीतरी नीट समजावून सांगावं. आणि हे काम "तुम्ही लिहिता-बिहिता" म्हणून माझ्याकडे आलं. समजावून नेमकं काय सांगायचं, ते मात्र ठरलं नाही.

आता मी बँकेतला माणूस. गेली बावीस वर्षं काउंटरमागे बसतोय. बँकेने आमच्या पदाची नावं तीनदा बदलली, पण काचेपलीकडचा माणूस मला क्लार्क म्हणूनच ओळखतो. मला हिशेब कळतो, नीतिशास्त्र कळत नाही. बी.कॉम.ला ते नव्हतं. हरणाऱ्याने शेवटपर्यंत मैदानात थांबलंच पाहिजे का, या प्रश्नाला कुठल्या हेडखाली टाकायचं, हेच मला कळेना. मग आठवले आजोबा.

माझे आजोबा महाराष्ट्राच्या रणजी संघाचे भक्त होते. भक्त हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो, कारण तिथे देव क्वचितच पावे. प्रोफेसर दि. ब. देवधरांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. देवधर एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि पन्नाशीला टेकले असताना मुंबईविरुद्ध २४६ काढायचे! त्यानंतर महाराष्ट्र अंतिम फेरीत तीनदा पोचला आणि तिन्ही वेळा हरला. १९९२-९३ मध्ये पंजाबकडून, २०१३-१४ मध्ये कर्नाटकाकडून. पण आजोबांच्या खरं जिव्हारी लागलं ते १९७०-७१. त्या वेळी वाडेकर, सरदेसाई, सोलकर, गावसकर हे सगळे तिकडे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर. मुंबईचं घर अर्धं रिकामं. आणि त्या उरलेल्या मुंबईनेही आम्हाला हरवलं! आजोबा म्हणायचे, "चोर घरात शिरला आणि मालक नसतानासुद्धा पकडला गेला."

पण आजोबांची आवडती गोष्ट वेगळीच. १८ डिसेंबर १९४८, शनिवार. आजोबा चौदा वर्षांचे. सकाळची शाळा. पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड ही रणजीची मॅच सुरू. काठियावाडच्या सगळ्या मिळून २३८ धावा झाल्या होत्या. आणि आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी, कोल्हापूरचा हा गडी, आदल्या संध्याकाळपर्यंत एकट्याने ३०० ओलांडले होते. भांडारकरांनी २०५ काढले. दोघांची भागीदारी ४५५ धावांची. शाळा सुटली तसे आजोबा शनिवारातून सायकलवर सुटले. वाटेतच पंक्चर. सायकल हातात धरून, पंक्चर काढून, घामाघूम होऊन कॅम्पात पोचतात, तो मैदानातून माणसं बाहेर पडताहेत! आजोबांना वाटलं, निंबाळकर आउट झाले. एका गृहस्थांना विचारलं, तर ते म्हणाले, "आउट कसले? समोरची टीमच घरी गेली."

झालं होतं ते असं. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद. जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमनच्या नावावर, ४५२ नाबाद, १९३० सालचा. मधल्या सुट्टीत कुणीतरी हे निंबाळकरांच्या कानावर घातलं. आणि त्याच सुट्टीत काठियावाडच्या कर्णधारांनी, हे राजकोटचे ठाकोरसाहेब, निरोप धाडला, की आता डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. महाराष्ट्राने विनवलं, फक्त दोन ओव्हर टाका, विक्रम होऊ द्या, मग घोषित करतो. ठाकोरसाहेबांनी ऐकलं नाही. सामान बांधलं, मॅच देऊन टाकली आणि स्टेशनचा रस्ता धरला.

"नऊ धावांनी गेला हो विक्रम!" असं जो तो म्हणतो. मी हिशेबाचा माणूस म्हणून नम्रपणे सांगतो, नवांनी बरोबरी झाली असती. मोडायला दहा लागत होत्या. पुढे १९५९ मध्ये कराचीत हनीफ महंमदने ४९९ केल्या आणि १९९४ मध्ये त्रिनिदादच्या ब्रायन लाराने ५०१. निंबाळकर त्या यादीत चौथे. कसोटी सामना त्यांना एकही मिळाला नाही. २०१२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले.

आजोबांनी आयुष्यभर ठाकोरसाहेबांना क्षमा केली नाही. मी मात्र मोठा होत गेलो तसा थोडा थोडा काठियावाडच्या बाजूला सरकत गेलो. त्याला कारण काउंटर. चारला पाच कमी असताना दहा-दहाच्या नोटांची पिशवी घेऊन येणारा इसम ज्याने पाहिलाय, त्याला दुसऱ्या ओव्हरनंतर तिसरी टाकणाऱ्या गोलंदाजाचं दुःख कळतं. २३८ विरुद्ध ८२६! मॅच केव्हाच संपली होती. उरलं होतं ते दुसऱ्याच्या विक्रमासाठी चेंडू पुरवण्याचं काम. पाटावर बसलेल्याचं पोट भरल्यावरही तो ताट पुढे करत असेल, तर वाढणाऱ्याने वाढतच राहायचं का? आमच्या पोरांचंही तेच. बाराव्या गोलात त्यांचा वाटा काय होता? फक्त जाळ्यातून बॉल काढून आणायचा.

एवढी तयारी करून मी मंगळवारी संध्याकाळी पोरांना पार्किंगमध्ये गोळा केलं. काठियावाडची गोष्ट सांगितली. ठरवलं होतं, की दोन्ही बाजू मांडायच्या आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा. (ही युक्ती मी कमिटीकडूनच शिकलो.) गोष्ट संपली. जोशांचा मुलगा, हातमोजेवाला, म्हणाला, "काका, मग काठियावाडने दुसऱ्या इनिंगमध्ये किती केल्या?"

"केल्याच नाहीत."

"का?"

"अरे, ते घरी गेले ना!"

"हां," तो म्हणाला, आणि गप्प बसला. गप्प मीही बसलो. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं आमच्या घरात ही गोष्ट सांगितली जातेय, आणि सगळे रडले ते निंबाळकरांच्या नसलेल्या दहा धावांसाठी. काठियावाडच्या सबंध इनिंगचं काय झालं, हे कुणी विचारलं नव्हतं. ते पान कोरंच आहे. डावाचा पराभव टाळायला त्यांना ५८८ लागत होत्या. म्हणाल, अशक्य! त्यांना तेवढा वेळ तरी होता का, हीही गोष्ट अलाहिदा. पण पुढचा हिशेब ऐका.

त्याच मोसमात, तीनच महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच, उपांत्य सामना, महाराष्ट्र विरुद्ध मुंबई. आता मार खायची पाळी आपली. मुंबई ६५१, आपण ४०७. मुंबईकडे २४४ ची आघाडी. माणूस म्हणेल, आता फॉलो-ऑन देतील, लवकर सुटका होईल. छे! मुंबईने पुन्हा बॅटिंग घेतली आणि आणखी ७१४ केल्या. महाराष्ट्राला जिंकायला हव्यात ९५९! नऊशे एकोणसाठ! या आकड्याला धावा म्हणत नाहीत, वसुली म्हणतात. स्टेशन ठाकोरसाहेबांना होतं तितकंच आपल्यालाही जवळ होतं. पण आपली मंडळी पॅड बांधून आत गेली आणि ६०४ करून आली. हरली, ३५४ धावांनी हरली. सात दिवस चाललेल्या त्या मॅचमध्ये २,३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त झाल्याची नोंद नाही. त्यातल्या १,०११ हरणाऱ्यांच्या.

५८८ हव्या होत्या, ते गाडीत बसले. ९५९ हव्या होत्या, त्यांनी ६०४ केल्या. हे मी मुलांना सांगितलं नाही. जिन्यात, वर येताना, मला सुचलं. सुचायच्या गोष्टी जिन्यातच सुचतात.

रात्री चिरंजीवांनी मला मोबाइलवर एक बातमी दाखवली. कॅरिबियन समुद्रात माँटसेराट नावाचं एक बेट आहे. १९९५ मध्ये तिथला ज्वालामुखी जागा झाला आणि राजधानी राखेखाली गेली. बहुतेक माणसं देशोधडीला लागली. मागे उरली सुमारे पाच हजार, आमच्या बँकेच्या एका शाखेत याहून जास्त खाती निघतील. त्या बेटाची फुटबॉल टीम २००२ मध्ये क्रमवारीत जगात शेवटची होती. ३० जून २००२ ला जपानमध्ये ब्राझील-जर्मनी विश्वचषकाची फायनल होती, त्याच दिवशी शेवटून पहिल्या माँटसेराटची आणि शेवटून दुसऱ्या भूतानची मॅच थिंफूला झाली. बेटावरून निघून अर्धी पृथ्वी ओलांडून ही मंडळी हिमालयात आली, ४-० हरली आणि परत गेली. पुढे काय झालं? २०१९ च्या गोल्ड कपच्या पात्रतेत हीच टीम एल साल्वादोरच्या बरोबरीने गुण मिळवून बसली आणि निव्वळ गोलफरकाने बाहेर राहिली.

"म्हणजे पुन्हा हरलेच," मी म्हटलं.

"बाबा, पण कुठे येऊन हरले बघा ना," चिरंजीव म्हणाले.

आता इथे मला एक कबुली देणं भाग आहे. खरं म्हणजे टाळता आली तर बघत होतो. बँकेत क्लार्कचा ऑफिसर व्हायची परीक्षा असते. मी दोनदा बसलो, दोनदा पडलो. तिसऱ्यांदा फॉर्म भरला आणि आदल्या आठवड्यात मागे घेतला. कारण दिलं, 'कौटुंबिक'. बाहेर सांगितलं, ऑफिसर झालं की बदली. पुणं सोडून कोण जाणार? हे कारण पुण्यात कुणीही लगेच मान्य करतं, पुरावा मागत नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली. दरवर्षी सर्क्युलर येतं आणि मी ते ज्यांना इंग्रजी नीट समजत नाही, त्या नव्या मुलांना समजावून सांगतो. त्यांतले दोघे आज माझे साहेब आहेत. चांगली मुलं आहेत.

जेवताना मी हिला ठाकोरसाहेबांची बाजू पुन्हा एकदा समजावून सांगत होतो, की दोन चेंडूंपुरतं कुणाच्या अभिमानाला ठेच का लागू द्यायची, वगैरे. ती पोळी वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुम्हाला ते बरे पटतात. तुमचं आणि त्यांचं एकच स्टेशन." मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. मीठ बरोबर होतं.

पुढच्या रविवारी पोरांनी आपणहून नदीपलीकडे निरोप पाठवला, की उरलेला हाफ खेळायचा. अकरा-शून्यपासून पुढे. चेअरमन म्हणाले, नव्याने शून्यापासून खेळा, मी बोलून बघतो. पोरं नको म्हणाली. मी संत्री घेऊन मैदानावर गेलो. पाऊस बारीक पडत होता. जोशांच्या मुलाने या खेपेला खरे हातमोजे आणले होते. त्याने सहा गोल खाल्ले आणि, मी मोजले म्हणून सांगतो, नऊ अडवले. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्याकडून एक गोल झाला. कुणाच्या पायाला लागून गेला यावर अजून वाद आहे. समोरच्या बॅकच्या पायाला लागला असं माझं मत आहे, पण मी ते बोललो नाही. सतरा-एक. पोरं असा काही आरडाओरडा करत होती, की नदीपलीकडच्यांनी दोनदा स्कोअर विचारून घेतला.

घरी आलो तर यंदाचं सर्क्युलर फ्रीजवर लावलेलं. मी ते बॅगेत ठेवलं होतं, तिथून कुणी काढलं ते मी विचारलं नाही. आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक आहे, त्याखाली. फॉर्म भरायची शेवटची तारीख एकतीस. दूध काढायला फ्रीज उघडला की ते डोळ्यांसमोर येतं, आणि आमच्या घरात चहा दिवसातून पाच वेळा होतो.