तिकडची आग, इकडची आग

सातवीच्या वर्गात उर्दूत आलेले फारसी शब्द शिकवत होतो. ‘नौरोज’ हा शब्द आला आणि मी नेहमीप्रमाणे वाहवत गेलो. फारसीच्या अभ्यासक्रमासाठी मी तेहरानला होतो, ते २०१६ चे वर्ष. इराणी वर्षाच्या शेवटच्या मंगळवारी रात्री तिथे गल्लोगल्ली लहान लहान शेकोट्या पेटतात. ही चहारशंबे सूरी. माणसे त्यांवरून उड्या मारतात आणि आगीला म्हणतात, माझा फिकेपणा तू घे, तुझी लाली मला दे. घरमालकाच्या मुलांबरोबर मीही तीन उड्या मारल्या, हे मोठ्या अभिमानाने सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग इथल्या होळीजवळ जायला आम्हाला घरी मना का करतात?”

मी म्हणालो, “तिथले लोक मुसलमान आहेत.” तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटलो. उत्तर लंगडे होते हे मात्र तोंडातून निघतानाच कळले होते. ती चाल इस्लामपूर्व आहे, हे कोणताही इराणी सांगतो. तिथले अनेक उलेमा तिला खुळी समजूतच मानतात. उडी मारणारा कलमा पढतो म्हणून आगीचे मूळ बदलत नाही.

मुळात वसंताचा सण इस्लामी सालात बसूच शकत नाही. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. यात मला एक इन्साफ दिसतो. कडक उन्हाळ्याचा रोजा कोणा एकाच मुलुखाच्या वाट्याला कायमचा येत नाही. पण पेरणी चंद्रावर चालत नाही. म्हणून मलिकशाह सेल्जुकच्या काळात, १०७९ मध्ये, सौर जलाली पंचांग आले. ते तयार करणाऱ्या खगोलज्ञांत उमर खय्याम होता. आपल्याकडेही मराठेशाहीच्या कागदांत जो सुहूर सन दिसतो, त्याचे आकडे अरबी शब्दांत आणि वर्षारंभ मृग नक्षत्राला! इबादत चंद्रावर आणि शेतसारा सूर्यावर, अशी वाटणी आपल्या पूर्वजांनी बिनतक्रार चालवली. मुसलमानांनी वसंत घेतला तो ज्या त्या मातीतून. हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यात आजही बसंतला पिवळी फुले वाहतात. अकबराच्या दरबारात नौरोज थाटाने होई, औरंगजेबाने तो बंद केला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न बादशहांनाही पडला होता.

घरमालकिणीने मांडलेले हफ्तसीन मला अजून आठवते. ‘सीन’ अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू. सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, मग सिरका, सोमाक, समनू, सिंजद आणि थाळीत उगवलेले हिरवेगार गहू, सब्जे. ते गहू पाहून मला शेजारच्या घरातले नवरात्रातले घट आठवले. मधोमध कुरआन होते. त्या वर्षी सूर्य विषुवावर आला तो तेहरानच्या सकाळी आठच्या सुमारास. त्या घटकेला सगळ्यांनी हात उचलले आणि मन पालटणाऱ्याकडे आपली हालत पालटण्याची दुआ मागितली. माझेही डोळे भरून आले. ते पाणी नाटकी नव्हते.

मग घरी आल्यावर काय होते? खरे कारण अकीदा एवढेच असते, तर मी तेहरानलाही खिडकीतूनच पाहिले असते. तिथे मी पाहुणा होतो. उडी मारली असती किंवा नसती, कोणी त्याचा अर्थ लावला नसता. इथे अर्थ लागतो. होळीजवळ गेलो तर मोहल्ला विचारतो, कुठे चाललास? नाही गेलो तर बाहेर कोणी विचारतो, तुम्ही आमचे का नाही? ज्या गोष्टीकडे दोन्ही बाजू पुरावा म्हणून पाहतात, तिच्यात आनंद उरणे कठीण. मस्जिदीच्या कोपऱ्यावर मुद्दाम थांबलेले वाजंत्री मी लहानपणी ऐकले आहे. ती भीती मनातून गेलेली नाही आणि तिला मी मजहबचे नाव देतो. शिर्काचा सवाल खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो खराच आहे. पण तो मला फक्त इथेच का आठवतो?

आमच्या कोकणातल्या गावी आजोबा शिमग्याला आंब्याचा एक ओंडका देत. पूजेला जात नसत, पण लाकूड चुकत नसे. अब्बांच्या काळात, १९९३ नंतर, ते बंद झाले. कोणी बंद करा म्हणाले नाही, कोणी मागायला आले नाही, इतकेच.

गेल्या शिमग्याला सुट्टी काढून गावी गेलो. शेजारचे गुरवकाका आता थकले आहेत. त्यांना म्हटले, “काका, ओंडका घेऊन जा.” ते थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझ्या अब्बांना विचारलंस?” विचारले नव्हते. अब्बा पडवीत बसून ऐकत होते. काही न बोलता ते उठले आणि मागील दारी गेले. ते कोयता आणायला गेले की नमाजला, हे आम्हा दोघांनाही कळेना. काका आणि मी अंगणात तसेच उभे राहिलो.