आंधळ्याचा गुन्हा
पुढे देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरने १७८८ साली नोंदवलं, की कक्कूचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर तोलून घरट्याबाहेर ढकलतं. तेव्हा त्याचे डोळेही उघडलेले नसतात. केंब्रिजच्या निक डेव्हिस यांनी दाखवलं, की हे एकटं पिल्लू घरटंभर पिल्लांएवढा कालवा करतं आणि इवलासा वटवट्या त्याला चारा भरवत राहतो.

आपण एकाला खुनी म्हणतो, दुसऱ्याला भोळा. आंधळ्या पिल्लाला दोष देणं मला पटत नाही. पण मग त्याच न्यायाने वटवट्याच्या मायेचं कौतुकही सोडायला हवं. ते मात्र जिवावर येतं. बहुधा पक्ष्यांच्या निमित्ताने मी माणसांबद्दलच बोलत असतो.