पुलाच्या पाठीवर

गंगाखेडच्या पुलावर मन नेऊ या. परभणीहून निघून पोखर्णी, दैठणा मागे पडलं की रस्ता गोदावरी ओलांडतो, तो पूल. इथले लोक त्याला गंगेचा पूल म्हणतात. महिना कार्तिकाचा धरा, वेळ सकाळची. वाहनांची वाट सोडून कठड्याला लागून उभे राहा. नजर आपोआप पाण्याकडे जाईल. तिला हळूच मागे बोलवा आणि पायांशी आणून ठेवा. आज मनन करायचं ते ज्याच्यावर आपण उभे आहोत त्याचं.

जमलं तर चपला काढा. लांबून उसाचा ट्रॅक्टर येतो आहे, मागे दोन ट्रॉल्या, उसाची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. तो गाळ्यावर चढला की तळव्यांना बारीक थरथर जाणवेल. घाबरू नका. पूल ओझं घेतो तेव्हा किंचित वाकतो, ओझं गेलं की पुन्हा सरळ होतो. तसं वाकण्यासाठीच तो बांधलेला असतो. ट्रॅक्टर पुढे जाऊ द्या. थरथर पूर्ण थांबेपर्यंत काहीच करू नका.

आता मनानेच खाली उतरा, घाई न करता. सगळ्यात वर डांबर. त्याखाली वेअरिंग कोट, म्हणजे चाकांची झीज सोसायला दिलेला थर. मग डेक स्लॅब. स्लॅबच्या वरच्या अंगापासून चाळीसेक मिलिमीटर आत सळयांची जाळी. त्याखाली गर्डर, गर्डरखाली बेअरिंग, मग खांब, आणि खांबाखाली पार खडकापर्यंत गेलेला पाया. उतरलात तसेच पुन्हा वर या आणि सळयांपाशी थांबा. चाळीस मिलिमीटर म्हणजे आपल्या हाताच्या दोन बोटांची रुंदी. पावसाळ्यातलं पाणी आणि पुलाचं पोलाद यांच्यामध्ये एवढंच अंतर आहे.

आषाढातला एक थेंब डोळ्यांपुढे आणा. तो डांबरावर पडला, उतारावरून कडेला गेला. तिथे पन्हाळीचा पाइप आहे. पाणी खाली सोडण्यासाठीच तो ठेवलेला. पण शेतातून आलेल्या चाकांनी काळी माती आणली, ती वाळली, पुन्हा भिजली, पाइपाचं तोंड बुजलं आणि त्यावर गवत आलं. थेंबाला जायला जागा नाही. तो थांबला. त्याच्यामागून आलेलेही थांबले. थांबलेलं पाणी वाट शोधतं, आणि ती डांबराखाली कुठेतरी केसाएवढ्या चिरेत सापडते. पाणी मग आपल्या वेगाने जातं. एका पावसाळ्यात थोडं, दुसऱ्यात आणखी थोडं.

काँक्रीटच्या आत सळई सुरक्षित असते, कारण सिमेंटमुळे तिच्याभोवती तीव्र अल्कधर्मी वातावरण असतं. सामू १२ ते १३. त्या वातावरणात पोलादावर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि गंज अडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, सामू ९च्या खाली आणतो, पापुद्रा विरतो. मग ओल आणि हवा मिळाली की पुढचं काम आपोआप होतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतं. काँक्रीट दाबाला खंबीर असलं तरी आतून ताणलं गेलं की हतबल होतं. ते फुटतं. प्रथम आतल्या आत, सळयांच्या पातळीत, आडवं. वरून काही दिसत नाही.

दिसत नाही, पण ऐकू येतं. हातात एक हातोडी घ्या आणि स्लॅबवर जिथे डांबर नाही अशा जागी ठोका. टण्ण. दोन बोटं पुढे सरकून पुन्हा टण्ण. आणखी पुढे, आणखी पुढे, आणि एका जागी आवाज बदलतो: बद्द. फुटका माठ जसा वाजतो तसा. तिथे काँक्रीटचा वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटला आहे. खडूने त्याच्याभोवती गोल काढा. या आवाजापाशी थोडं थांबा. कान इतका लावायचा की बद्द कुठे संपतं आणि टण्ण कुठे सुरू होतं ती रेघ सापडली पाहिजे. मोठे पूल तपासणारे लोक साखळी ओढत हेच ऐकत चालतात.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं? खड्डे पडले की वरून डांबर. चार-पाच वर्षांनी पुन्हा डांबर. कठडा ठेंगणा दिसू लागतो, कारण रस्ता वर आलेला असतो. मला यात नेहमी मराठवाड्याचं माळवद दिसतं. दरवर्षी मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, गळती थांबायची, पुढच्या वर्षी पुन्हा माती. थर साठत गेले, छत जड होत गेलं, आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तेच वजन दगडी भिंतींसकट झोपलेल्या माणसांवर आलं. घर गळू नये म्हणून प्रेमाने टाकलेली माती होती ती. ही गोष्ट आठवताना अजून मन आत कुठेतरी मिटतं. गळती थांबवायची, पण ओझं वाढवायचं नाही, ही अट तेव्हापासून माझ्या मनात पक्की बसली आहे.

पुलाला हीच अट लावून हिशेब करा. २० मीटर लांब, साडेसात मीटर रुंद असा एक गाळा धरा. १५० चौरस मीटर. त्यावर ७५ मिलिमीटर काँक्रीटचा थर दिला तर २७ टन. ४० मिलिमीटर डांबर दिलं तर १४ टनांच्या आसपास. आणि पॉलिमर काँक्रीटचा १० मिलिमीटर थर दिला तर सव्वातीन टन. हा शेवटचा आकडा मनात ठेवून पुढे चला.

पॉलिमर काँक्रीटमध्ये सिमेंट आणि पाणी नसतं. इपॉक्सीसारखं रेझिन, त्यात हार्डनर, आणि कठीण दगडाची बारीक, धारदार, पूर्ण कोरडी कच. अमेरिकेत १९५०च्या दशकापासून पुलांवर याचे प्रयोग झाले. सुरुवातीचे थर सोलून निघाले, कारण रेझिन ताठ होतं. तापलं की काँक्रीटपेक्षा ते कितीतरी जास्त फुगतं, गार झालं की तितकंच जास्त आकसतं; मग चिकटलेल्या जागेवर ताण येतो. पुढे लवचीक रेझिनं आली, थर पातळ ठेवला गेला, आणि १९८०च्या दशकापासून पद्धत स्थिरावली. चांगल्या स्लॅबवर नीट घातलेला थर १५ ते २० वर्षं टिकल्याच्या नोंदी तिकडे आहेत. तिथला शत्रू बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. परभणीत बर्फ नाही. पण इथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि डिसेंबरात पहाटे एक आकडी होतो. स्लॅबचं तापमान ४० अंशांनी बदललं तर आपला २० मीटरचा गाळा सुमारे ८ मिलिमीटर लांबतो-आखडतो. वरच्या थराला त्याच्याबरोबर रोज हलायचं असतं, हात न सोडता.

म्हणून सगळं मन आता चिकटण्यावर आणा. हे काम डोळ्यांपुढे सावकाश होऊ द्या.

आधी जुनं डांबर पूर्ण निघतं. काळा डाग राहिला तर तेवढी जागा धरणार नाही. बद्द वाजलेले भाग खोदून, सळया साफ करून नव्याने भरले जातात, आणि ते पक्के होईपर्यंत थांबावं लागतं. मग शॉटब्लास्टिंग: बारीक पोलादी गोळ्या जोरात स्लॅबवर आपटतात, यंत्र त्या लगेच ओढून घेतं, आणि मागे सिमेंटची साय निघून गेलेला खरखरीत, फिकट पृष्ठभाग उरतो. त्यावर तळहात ठेवून पाहा. दगडाचे कण बोटांना टोचतात. आता या जागेवर चहा सांडायचा नाही, तंबाखूची पिंक नाही, ऑइल गळणारी गाडी उभी करायची नाही.

पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर चौकोन स्लॅबवर ठेवून चारही कडा पट्टीने बंद करतात आणि १६ तास तसाच ठेवतात. उचलल्यावर आतल्या बाजूला दव दिसलं, किंवा स्लॅब काळसर झाला असेल, तर काम थांबतं. इथे वाट पाहण्याशिवाय दुसरं काही करायचं नसतं. कंत्राटाची तारीख, साहेबांची भेट, यातल्या कशानेही स्लॅब कोरडा होत नाही.

कोरडा निघाला की रेझिन आणि हार्डनर ठरल्या मापाने कालवायचं. इथून घड्याळ चालू. चौरस मीटरला साधारण एक लिटर ओतून दातेरी रबरी पट्टीने ओढायचं. चकाकणारा, मधासारखा दाट ओघ. तो ओला आहे तोवर वरून कच उधळायची, भरपूर, चकाकी कुठेच दिसेनाशी होईपर्यंत. घट्ट झालं की सुटी कच झाडून काढायची. मग दुसरा थर, या वेळी दुप्पट रेझिन, पुन्हा कच, पुन्हा झाडू. सगळं मिळून ६ ते १० मिलिमीटर. कच आपल्या बेसॉल्टची चालते. दगड इथलाच आहे, फक्त धुऊन, चाळून, वाळवून घ्यावा लागतो. उन्हाने रेझिन हळूहळू भुरभुरतं, म्हणून वरून दगडाने झाकलं जाणंही गरजेचं, आणि पावसात चाकाला पकड मिळते तीही त्या धारदार कचेमुळेच.

वेळ कोणती निवडायची? जून ते सप्टेंबर पाऊस. एप्रिल-मेमध्ये दुपारचा स्लॅब इतका तापतो की कालवलेलं रेझिन बादलीतच घट्ट व्हायला लागतं. थंडीत पहाटे दव. शिवाय सकाळी स्लॅब तापत असताना त्याच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे सोडते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपार उतरून स्लॅब निवू लागला की ते दव पडायच्या आत. आणि नेमके हेच महिने उसाच्या गाळपाचे. पूल सगळ्यात जास्त ओझं याच दिवसांत वाहतो. अर्धा पूल बंद ठेवावा लागणार, दोन्ही तोंडांना ट्रॅक्टरांची रांग लागणार. रांगेतल्या माणसाचा ऊस वाळतो, वजन घटतं, त्याचे पैसे जातात. त्याच्या जागी उभं राहूनही हे काम पाहा. पातळ थराचा मोठा गुण इथे कामी येतो: उबदार हवेत तो काही तासांत चाकं झेलण्याइतका पक्का होतो. काँक्रीटला क्युरिंगसाठी आठवडे द्यावे लागले असते.

आणि हा थर काय करू शकत नाही, तेही शांतपणे पाहायला हवं. तो पुलाची ताकद वाढवत नाही. आत गंज चालू असेल तर तो थांबवेलच असं नाही. उलट वरून नवं, स्वच्छ दिसणारं रूप देऊन फसवेल. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल १९७० साली सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आतल्या प्रीस्ट्रेसिंग केबल गंजल्या होत्या. सोळा वर्षं. म्हणून थर द्यायच्या आधी हातोडी, आणि हातोडीच्या पुढे जाऊन हाफ-सेलची चाचणी: सळईला तार जोडून, तांब्याचा इलेक्ट्रोड स्लॅबवर टेकवून मिलिव्होल्ट वाचायचे. उणे ३५०च्या पलीकडे आकडा गेला तर गंज जवळजवळ नक्की चालू आहे. अशा स्लॅबला पातळ कवच देणं मला अप्रामाणिक वाटतं. हे कवच धडधाकट स्लॅबसाठी आहे, अजून काही बिघडलेलं नसताना द्यायचं. निधी मागायला गेलं की हेच सांगणं सगळ्यात अवघड जातं, कारण खड्डा दाखवता येतो आणि न पडलेला खड्डा दाखवता येत नाही.

आता पुन्हा कठड्यापाशी या. थर येईल तेव्हा येईल. त्याआधी एक काम आहे ज्याला रेझिन लागत नाही. बुजलेल्या पन्हाळीपाशी दोन माणसं, एक पहार, एक घमेलं. गवत उपटा, वाळलेली काळी माती खरवडा, पाइपात पहार घालून ठोका, बादलीभर पाणी ओता आणि ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबा. मग पुढची पन्हाळ. एक्स्पान्शन जॉइंटमध्ये पिंपळाचं रोप असेल तर मुळासकट काढा. हे दरवर्षी मृगाच्या आधी व्हावं.

थर घातल्यावर आणखी एक परीक्षा बाकी राहते. तयार थरात छोटं गोल कापून त्यावर धातूची चकती चिकटवतात आणि यंत्राने सरळ वर ओढतात. चौरस मिलिमीटरला १.७ न्यूटनच्या आसपास ताण त्याने सोसायला हवा. तुटल्यावर चकती उलटी करून पाहायची. थर काँक्रीटपासून स्वच्छ सुटून आला असेल, तर तयारी कमी पडली. तेवढा भाग काढून पुन्हा करायचा. चकतीच्या तळाला काँक्रीटचे तुकडे चिकटून आले असतील, म्हणजे जोड राहिला आणि दगड तुटला, तर काम जमलं. तो गोल खड्डा रेझिन-कचेने भरा, गाळ्याचा क्रमांक आणि तारीख पुलाच्या नोंदवहीत लिहा, आणि थांबवलेली रांग सोडा.