वर्षाखेरीची प्रतवारी

वर्ष सरता सरता चार समानशील मित्रांनी एकत्र जमावे, वर्षभरात पाहिलेल्या चित्रपटांचे गुणदोष काढावे आणि त्यांची प्रतवारी लावावी, हा परिपाठ सुशिक्षित घरांत आता चांगलाच रुळला आहे. या करमणुकीस आम्ही नावे ठेवीत नाही. आम्ही स्वतः तीत हौसेने भाग घेतो. परंतु तिच्या पोटी एक प्रश्न दडलेला आहे: ज्या कृतींचे हेतूच भिन्न, त्यांस मोजावयाचे माप एक कसे असावे?

२०२५ सालचेच उदाहरण घ्या. त्या वर्षी जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’, सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ आणि रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हे मराठी चित्रपट आपल्याकडे प्रदर्शित झाले. पहिल्यात विदर्भातील एका शेतकऱ्याच्या मुलीस पुनःपुन्हा ‘पाहण्या’साठी बसविले जाते. दुसऱ्यात दिलीप प्रभावळकर कोकणातील वृद्ध दशावतारी कलावंत झाले आहेत. तिसऱ्यात, पित्याचे दहा दिवस पाळण्यास गावी गेलेल्या तरुणास तेथील एका शेतकरी मित्राचे प्रेम लाभते. आम्हां पाच जणांनी दहापैकी गुण दिले. ‘साबर बोंडं’ला तिघांनी ९, एकाने ४ व एकाने ३ दिले, ‘स्थळ’ला त्याच तिघांनी ६ व उरलेल्या दोघांनी ८, ‘दशावतार’ला सर्वांनी ७. बेरीज केली तो ३४, ३४ आणि ३५! पाचांपैकी एकाच्याही मनात जो पहिला नव्हता, तोच मंडळाचा पहिला ठरला. यात ‘दशावतार’चा काडीचाही दोष नाही, दोष बेरजेचा. जे कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही, त्यावर तिची मर्जी असते.

‘स्थळ’च्या बाबतीत तर मौजच झाली. त्या चित्रपटात मुलीस समोर बसवून पुरुषमंडळी नाव, शिक्षण, उंची विचारतात; आणि त्याच चित्रपटास समोर बसवून आमचे मंडळ अभिनयास किती, छायाचित्रणास किती, असा हिशेब करीत होते. जन्मभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास गुण देण्याचा कंटाळा नसतो. पण परीक्षेत प्रश्न सर्वांस एकच असतो. चित्रपट आपला प्रश्न आपणच घालतो.

जाणत्यांचीही तीच गत. ‘साइट अँड साउंड’ हे इंग्रजी मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन श्रेष्ठ चित्रपटांची यादी छापते. १९४१ चा ‘सिटिझन केन’ पहिल्या यादीत पहिल्या दहांतही नव्हता. पुढे १९६२ ते २००२ पाचही वेळा तोच अग्रस्थानी राहिला. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने त्याची जागा घेतली आणि २०२२ मध्ये शांताल आकरमान यांच्या ‘जान दीलमान’ने ‘व्हर्टिगो’ची. चित्रफितीतील एक चौकटही हलली नव्हती. बदलले ते पाहणारे.

म्हणून ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून हात झटकावे काय? हे आम्हांस मान्य नाही. ते औदार्य नव्हे, आळस आहे. काही कृती इतरांहून खरोखरच सरस असतात, आणि त्या का सरस हे सांगण्याची पाळी तुलना केल्यावाचून येतच नाही. आकडा खोटा असेल, पण ‘तीनच का?’ हा प्रश्न खरा असतो.

आमच्यातील ज्या मित्राने ‘साबर बोंडं’ला ३ दिले, त्यास हाच प्रश्न विचारला गेला. चित्रपट फार संथ आहे, काही घडतच नाही, असे तो म्हणाला. त्यावर दुसरा शांतपणे एवढेच बोलला, की सुतकाचे दहा दिवस असेच जातात. मग पहिला बराच वेळ गप्प होता. वडील गेले तेव्हा ओसरीवर बसून आपण दिवसभर समोरची भिंत पाहत असू, असे त्याने सांगितले; इतक्या वर्षांच्या स्नेहात ही गोष्ट आम्ही प्रथमच ऐकत होतो. आकडा मात्र त्याने बदलला नाही, आणि तो बदलावा असा आग्रहही कोणी धरला नाही.