धाक आणि भीड

वाहतुकीचा विषय निघाला की हैदराबादकर मराठी माणूस दोन मिनिटांत एकाच मुक्कामाला पोहोचतो : ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही. दंड दसपट करा, सगळे सुतासारखे सरळ होतील.’ काचीगुड्यात हेच ऐकू येते, सुलतान बझारात हेच. उड्डाणपुलांनी सारे सुटेल म्हणणाऱ्यांना पुढच्या पुलाच्या तोंडाशी भेटावे. लोकसंख्येला बोल लावणारे स्वतःला तीत मोजत नाहीत. या शिस्तवाद्यांचे म्हणणे मात्र वरवर इतके शहाणपणाचे वाटते की त्याची उलटतपासणी कोणी करत नाही.

शिस्त हा माणसाचा स्वभाव असेल, तर तो रस्त्यागणिक कसा बदलतो? आउटर रिंग रोडवर १२० च्या मर्यादेलाही न जुमानणारा गृहस्थ सुलतान बझारच्या बोळात भाजीच्या हातगाडीमागून मुकाट पायगतीने चालतो. तिथे ना कॅमेरा, ना पाटी.

आता दंड. २०२२ मध्ये तेलंगण पोलिसांनी थकीत चलानांवर दुचाकींना ७५ टक्के सूट दिली; २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा, या वेळी ८० टक्के. लोक काय शिकले? चलान ही उधारी आहे, थांबले की स्वस्त होते. शिस्तवादी म्हणतील, सूट दिली हेच चुकले. कबूल. पण सूट द्यावी लागावी इतकी थकबाकी साचली कशी? चलान येते मोबाइलवर. ते धाडणाऱ्याला तोंड नाही, घेणाऱ्याला लाज नाही. उरतो तो कॅमेऱ्याचा धाक आणि तो कॅमेऱ्याच्या नजरेपुरताच. म्हणून हेल्मेट चौकात डोक्यावर चढते आणि चौक ओलांडला की आरशाला लटकते.

बायोडायव्हर्सिटी चौकातला पूल आठवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो खुला झाला आणि त्याच महिन्यात भरधाव मोटार कठड्यावरून खाली कोसळून पुलाखाली उभी असलेली एक स्त्री गेली. ताशी ४० ची मर्यादा तिथे होतीच. पाटी ४० म्हणत होती, रस्ता ‘सोड गाडी’ म्हणत होता. चालकाने रस्त्याचे ऐकले. पूल पुन्हा सुरू करताना रस्त्यावर खडबडीत पट्टे घालावे लागले, ते उगीच नव्हे.

धाक नकोच, असे मी म्हणत नाही. दारू पिऊन चालवणाऱ्याला धाकच हवा. पण धाक बाहेरून येतो, भीड समोरच्या माणसामुळे वाटते. माधापूर, नानकरामगुडा ही कालपरवापर्यंतची गावे. पारावर म्हातारे बसलेले असत, म्हणून गाडी आपोआप हळू होई. आता तिथे रस्ते ऐसपैस झाले आणि माणसे काचेआड गेली. कॉलनीत ताशी ३० ची मर्यादा कागदावर आहे; ती पाळायला लावणारा डोळा उरला नाही. १९०८ च्या पुरानंतर शहर नव्याने रचणाऱ्यांनी पत्थरगट्टीला पादचाऱ्यांसाठी कमानींची सावली ठेवली. पायी चालणारा दिसला तरच त्याची भीड वाटेल, एवढे त्यांना उमगले असावे.

इथे माझीच अडचण होते, कारण या शहरातल्या पार्किंगचा खेळखंडोबा भिडेनेच केला आहे. शेजाऱ्याची गाडी फुटपाथ अडवते आणि आपण भिडेखातर गप्प बसतो. म्हणून भिडेतही भेद करायला हवा. एक भीड ओळखीची : ती आपल्या माणसाला सवलत देते. दुसरी भीड माणसाची : ती अनोळखी पादचाऱ्याला वाट देते. पहिलीने शहर तुंबते, दुसरीने चालते. रस्ते अरुंद करा, पदपथ मोकळे करा, चौकात कॅमेऱ्याच्या जोडीला हाडामांसाचा पोलीस उभा करा. हे सारे दुसरीसाठी. दंडाच्या आकड्याचे त्यानंतर बोलू.

तोवर एवढे करा. शेजाऱ्याची गाडी फुटपाथवर दिसली, तर फोटो काढून पोलिसांना पाठवू नका. त्याचे दार वाजवा.