श्वास कोणाचा, श्रेय कोणाचे?

आमच्या देवास जिल्ह्यातला मराठी घरचा मुलगा शाळेत हिंदीतून ‘श्वसन तंत्र’ शिकतो आणि घरी मराठी टिकून असेल, तर आजोबांच्या तोंडून ‘श्वसनसंस्था’ ऐकतो. माझी एम. ए.ची पदवी तत्त्वज्ञानाची. पण विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की मुख्याध्यापकालाच वर्गावर जावे लागते. त्यामुळे कन्नौदला मी हा धडा अनेकदा शिकवला आहे. शिकवतो हिंदीतून, पण मनात मराठी शब्दच घोळत राहतो. तंत्र म्हटले की कळ दाबताच चालणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. संस्था म्हटली की माणसे आठवतात. कोणी वर्गणी गोळा करतो, कोणी सतरंज्या उचलतो, आणि हार मात्र अध्यक्षांच्या गळ्यात पडतो.

शरीराचा कारभारही असाच चालतो. फुप्फुसाचेच पाहा. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. दोहोंत मिळून कोट्यवधी वायुकोश. आपण मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो आणि दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. एवढे मोठे काम. पण फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही, कारण त्याला ओढून फुलवणारे स्नायू त्याचे स्वतःचे नाहीत. खालचा पडदा खाली सरकतो, फासळ्यांमधले स्नायू छातीचा पिंजरा उचलतात, तेव्हा कोठे हवा आत येते. आलेला प्राणवायू रक्त घेऊन जाते, रक्ताला हृदय ढकलते, हृदयाला अन्न पचनसंस्था पुरवते, आणि श्वासाचा ठेका मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र धरते. ‘मी श्वास घेतो’ असे आपण म्हणतो, त्यातला ‘मी’ नेमका कोण, हे सांगणे सोपे नाही.

हा प्रश्न नुसत्या शब्दांचा नाही. माणूस आजारातून उठला की आपण विचारतो, कशाने बरा झाला? आणि उत्तरही आपणच देतो, ‘मनाचा खंबीर म्हणून.’ हे उत्तर नीतीच्या दृष्टीने कितपत बरोबर आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

आमच्या जिल्ह्यात या उत्तराला एक थोर उदाहरण नेहमी जोडले जाते. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, यांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे ते शिकले आणि लहान वयातच नाव झाले. मग क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी ते १९४८च्या आरंभी देवासला आले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले, गाणे बंद झाले. वर्षे अंथरुणात गेली. १९५३च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच देह ठेवीपर्यंत गात राहिले. मराठी घरांत ही कथा सांगितली जाते ती एका वाक्यात संपते : इच्छाशक्तीने रोगावर मात केली.

वाचकहो, हे वाक्य ऐकले की मला माझे थोरले काका आठवतात. मी त्यांना पाहिलेले नाही. १९४९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी ते याच रोगाने गेले. आजी त्यांचा विषय निघाला की म्हणायची, ‘त्याने मनच सोडलं रे.’ त्या माउलीला दोष कसा देणार? कारण सापडले की दुःख थोडे हलके होते. पण तिच्या त्या वाक्याने गेलेल्या मुलावर एक ठपका कायमचा राहिला. जगला तो खंबीर असेल, तर मेला तो दुबळा ठरतो. कौतुकाच्या नाण्याची दुसरी बाजू ही अशी असते.

म्हणून हिशोब नीट मांडला पाहिजे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवून दिला. त्यानंतर साठ वर्षे जगाकडे त्यावर खात्रीचे औषध नव्हते. होती ती हवा, विश्रांती आणि दूध. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडले आणि ते आमच्या गावांपर्यंत पोहोचायला आणखी वर्षे लागली. कुमारांच्या वाट्याला ते आले, काकांच्या वाट्याला आले नाही. यात मनाचा संबंध कोठे येतो? शिवाय कुमारांच्या उशाशी भानुमतीबाई होत्या. त्यांनी शाळेत नोकरी करून घर चालवले आणि पतीची शुश्रूषाही केली. श्वासाचा पडदा कसा दिसत नाही, तशाच त्याही त्या कथेत फारशा दिसत नाहीत. १९६१ साली त्या गेल्या.

मग इच्छाशक्तीला काहीच स्थान नाही का? आहे, आणि ते श्वासच दाखवतो. हृदयाचा ठोका आपल्या हुकमात नाही, जठराचे कामही नाही. श्वास मात्र असा व्यापार आहे, जो आपोआप चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालतो. झोपेत तो आपला सांभाळ करतो, आणि जागेपणी आपण तो रोखू शकतो, लांबवू शकतो. पण मर्यादेपर्यंतच. रोखून धरला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदूचे ते केंद्र आपला हट्ट मोडून काढते. म्हणजे किती श्वास मिळावेत हे मनाच्या हाती नाही. मिळालेल्या श्वासाचे काय करावे, एवढा लहानसा तुकडा त्याच्या ताब्यात आहे.

कुमारांनी तो तुकडा कसला, ते आपण ऐकले आहे. पडल्या पडल्या कानावर येणारी माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांनी मनात साठवली आणि पुढे त्या लोकधुनांतून नवे राग घडवले. ते श्रेय निर्विवाद त्यांचे. जगण्याचे श्रेय मात्र वाटून द्यावे लागेल : औषधाला, भानुमतीबाईंना, उरलेल्या फुप्फुसाला, आणि थोडे काळालाही. असे वाटल्याने त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. उलट काकांसारख्यांवरचा ठपका तेवढा पुसला जातो.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणू नये. क्षय अजून आपल्यात आहे. साध्या क्षयाला आज साधारण सहा महिन्यांचे उपचार पुरतात. २०१८पासून सरकार रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देऊ लागले आणि नोव्हेंबर २०२४पासून ते १००० झाले. झारखंडातल्या एका अभ्यासाने २०२३ साली दाखवले की, रुग्णाच्या घरच्यांना सकस शिधा मिळाला तर त्यांच्यात हा रोग होण्याचे प्रमाण बरेच घटते. मूठभर डाळीचे काम मनोधैर्य करू शकत नाही, हे यावरून कळावे.

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी आजारी असेल, तर ‘धीर सोडू नकोस’ असे जरूर सांगा. पण तेवढेच सांगून उठू नका. गोळ्या वेळेवर मिळतात का, ताटात डाळ-दूध असते का, रात्री उशाशी कोण असते, हेही विचारा. आणि उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्याच्या छातीचा पडदा होण्याची पाळी आता आपली आहे, असे समजा.